जुन्या मोटरबोटीची गळती: कोणतं सीलंट कुठे लावावं आणि कुठे मुळीच लावू नये

फायबरच्या जुन्या मोटरबोटीच्या बिल्जमध्ये (तळाच्या खोलगट भागात) पाणी साचू लागलं की बहुतेक मालक दुकानात जाऊन थ्रीएम ५२०० या सीलंटची ट्यूब मागतात. ट्यूब उत्तम आहे, पण तिची मागणी बहुतेक वेळा चुकीच्या कामासाठी होते. सीलंट निवडताना ते किती घट्ट धरतं हे नंतर बघायचं. आधी विचारायचं ते हे की, हा सांधा पुढे कधी उघडावा लागेल का? वीस-तीस वर्षं जुन्या बोटीत जवळजवळ प्रत्येक क्लीट (दोर बांधायचा खुंटा), प्रत्येक खिडकी आणि प्रत्येक थ्रू-हल (हलमधून, म्हणजे बोटीच्या कवचातून, आरपार जाणारं फिटिंग) कधी ना कधी उघडावाच लागतो. खालचा आढावा याच कसोटीवर केला आहे.

पण ट्यूब उघडण्याआधी पाणी नेमकं कुठून येतं हे ठरवायला हवं. निम्मी सीलंट्स वाया जातात ती चुकीच्या जागी लावल्यामुळे.

आधी बघा, पाणी कधी येतं

बिल्ज पूर्ण कोरडा करा. पंपाने नव्हे, स्पंजने, शेवटच्या थेंबापर्यंत. मग बोट तीन वेगवेगळ्या परिस्थितींत तपासा. बांधून ठेवलेल्या बोटीत, पाऊस नसताना पाणी वाढलं तर दोष पाण्याच्या रेषेखाली आहे: थ्रू-हल, सी-कॉक (थ्रू-हलवरचा व्हॉल्व्ह), शाफ्टचा ग्लँड (शाफ्ट हलमधून बाहेर पडतो तिथलं सील), रडरचा ग्लँड, स्टर्नड्राइव्हचे (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर बसवलेल्या ड्राइव्हचे) बेलोज, म्हणजे घड्यांच्या रबरी नळ्या, किंवा ट्रान्समचा (बोटीच्या मागच्या भिंतीचा) ड्रेन प्लग. फक्त बोट चालवल्यावर वाढलं तर संशय वेगळ्या जागांवर घ्यावा. वेग घेताना बोटीची शेपूट खाली बसते आणि एरवी पाण्याबाहेर असलेल्या जागा पाण्यात जातात. बिल्ज पंपाचं प्लॅस्टिकचं आउटलेट, रब-रेलखालचा (कडेच्या संरक्षक पट्टीखालचा) हल आणि डेकचा सांधा, आउटबोर्डचे बोल्ट या त्या जागा. इंजिनाचा समुद्राच्या पाण्याचा पंपही याच वेळी तपासा. त्याच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. त्यातून पाणी टपकत असेल तर आतलं शाफ्ट-सील गेलेलं आहे, आणि ते छिद्र बुजवणं ही सर्वांत वाईट दुरुस्ती, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये किंवा इंजिनात शिरतं. पाऊस किंवा धुणं झाल्यावरच पाणी दिसलं तर डेक, खिडक्या आणि हॅच (डेकवरची उघडणारी झाकणं).

समुद्रात असाल तर पाणी खारं की गोडं हे साध्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) कळतं. बिल्जचं पाणी जिभेला लावू नका, त्यात डिझेल आणि अँटिफ्रीझ असू शकतं. गोडं निघालं तर पावसाबरोबर बोटीतली पिण्याच्या पाण्याची टाकी आणि तिचे पाइपही संशयितांच्या यादीत घ्या. टाकीत खाण्याचा रंग टाकला की त्याच दिवशी उलगडा होतो. तळ्यात किंवा नदीत वापरायच्या बोटीत मीटर काही सांगणार नाही, तिथे रंगच.

पाण्याच्या रेषेखालची गळती शोधायला ट्रेलरवरची उलटी चाचणी सगळ्यांत खात्रीची. ड्रेन प्लग लावायचा, बाहेरून हल पुसून कोरडा करायचा आणि आत पाणी ओतायचं. जिथे गळती आहे तिथे बाहेर ओल उमटते, तिच्याभोवती पेन्सिलीने खूण करायची. प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवा. दोन चौरस मीटर तळावर सरासरी दहा सेंटिमीटर पाणी भरलं की दोनशे किलो वजन ट्रेलरच्या आधारांवर येतं, आणि ते पाण्यात तरंगणाऱ्या बोटीसारखं सगळीकडे सारखं वाटलं जात नाही. त्यामुळे संशयित जागा जेमतेम बुडेल इतकंच पाणी. बॅटरी काढून ठेवा, स्टार्टर मोटर बुडू देऊ नका. फरशीखाली फोम भरलेल्या बोटीत ही चाचणी करू नका, तो फोम एकदा भिजला की वाळत नाही.

डेकसाठी होजची चाचणी चालते, पण खालून वर जायचं. आधी सगळ्यांत खालचं फिटिंग, हलकी धार, पाच मिनिटं. आत कोरडं असेल तर पुढचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच फिटिंगवरून जातो आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर तर वापरूच नका, पाऊस कधी शिरणार नाही अशा जागीही तो पाणी घुसवतो.

याहून चांगली एक पद्धत आहे, तिच्याकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात. केबिनची दारं, व्हेंट, ड्रेन टेपने बंद करायचे, एका हॅचवर प्लॅस्टिक चिकटवून त्यातून लीफ ब्लोअरचं तोंड आत घालायचं आणि हलका दाब द्यायचा. बाहेरून प्रत्येक बोल्टवर, खिडकीच्या कडेवर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे, तिथे वाट. आत शिरलेलं पाणी छताच्या अस्तरावरून, स्ट्रिंगरवरून (हलच्या आतल्या लांब आधार-पट्ट्यांवरून) लांबवर वाहत जातं, म्हणून थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा यांत दोन-दोन मीटरचं अंतर असू शकतं. हवा मात्र थेट त्या छिद्रातूनच बाहेर येते.

थ्रीएम ५२००

पॉलियुरेथेन, हवेतल्या आर्द्रतेवर पिकणारं, म्हणजे घट्ट होणारं. साधी आवृत्ती ४८ तासांत हाताला चिकटेनाशी होते, पूर्ण पिकायला पाच ते सात दिवस. फास्ट क्युअर आवृत्ती एका दिवसात तयार होते. पकड इतकी जबरदस्त की सांधा उघडताना सीलंट सुटण्याआधी जेलकोटचे (फायबरवरच्या चकचकीत थराचे) तुकडे निघतात. हल आणि डेकचा सांधा, कायमचा बसवायचा ब्रॉन्झचा थ्रू-हल, लाकडी चौकटीतले कायमचे जोड, एवढीच त्याची जागा.

क्लीट, रेलिंगचे पाय, हॅच, डेप्थ साउंडरचा ट्रान्सड्यूसर (पाण्याची खोली मोजणारा सेन्सर), खिडक्या, यांपैकी कशालाही ५२०० लावू नका. ट्रान्सड्यूसर कधीतरी बिघडणारच, आणि तेव्हा तो काढताना हल फाटेल. अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस प्लॅस्टिकवर पॉलियुरेथेनमधली रसायनं बसली की कालांतराने बारीक तडे जातात, तेव्हा प्लॅस्टिकच्या फिटिंगलाही नको. आधीच्या मालकाने लावून ठेवलं असेल तर हीट गनने हलकी ऊब देऊन, बारीक तार करवतीसारखी ओढून कापत जा. डीबाँडसारखी सीलंट सैल करणारी रसायनं मदत करतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. फवारा, थांबा, थोडं कापा, पुन्हा फवारा. फायबरला हात लावता येणार नाही इतकं गरम करू नका, लॅमिनेटमधला रेझिनही मऊ पडतो.

थ्रीएम ४२०० आणि सिकाफ्लेक्स २९१

जुन्या बोटीसाठी पाण्याच्या रेषेखाली आमची पहिली पसंती या दोघांना. दोन्ही पॉलियुरेथेनच, पण पकड ५२०० पेक्षा बरीच कमी. सील तितकंच पक्कं, आणि दहा वर्षांनी थ्रू-हल बदलायचा झाला तर पाना आणि पातळ सुरी घेऊन तो निघतो. ४२०० ची फास्ट क्युअर आवृत्ती साधारण एका दिवसात पिकते. सिकाफ्लेक्स थोडं जास्त घट्टसर येतं, उभ्या जागेवर ओघळत नाही, आणि मण्यासारखी रेघ ओढायला सोपं आहे. प्लॅस्टिकबद्दलचा इशारा या दोघांनाही लागू.

ही दोन्ही सीलंट फसतात ती बहुतेकदा पृष्ठभागामुळे. जुनं सीलंट शंभर टक्के निघालं पाहिजे. जुन्या सिलिकॉनचा नुसता पुसट थर राहिला तरी नवं काहीही चिकटत नाही. त्यामुळे आधी खरवडणं, मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग अॅसिटोन, स्वच्छ फडकं, आणि फडकं प्रत्येक वेळी नवं. शेवटचा हात अल्कोहोलने मारायची सवय असेल तर ती इथे सोडा, कारण न पिकलेल्या पॉलियुरेथेनला अल्कोहोल लागलं तर ते नीट पिकतच नाही. बाहेर आलेलं सीलंट बोटाने साफ करतानाही स्पिरिट नको, मिनरल टर्पेंटाइन चालेल.

थ्रू-हल बसवताना फ्लँजच्या (फिटिंगच्या रुंद कडेच्या) खाली एक अखंड रेघ द्या, थ्रेडवरही थोडं लावा. आवळताना फिटिंग हलू नये, आतला नट फिरवा. बाहेरच्या बाजूने फ्लँजभोवती सीलंट सारखं बाहेर आलं की थांबा. पूर्ण ताकद लावून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर पिळून निघतं आणि सांध्यात काही उरतच नाही. बहुतेक नव्या कामातल्या गळतीचं हेच कारण. साधारण एक मिलिमीटर जाडीचा थर राहू द्या, आणि पिकल्यावर फार तर पाव फेरा.

बुटाइल टेप

डेकवरच्या फिटिंगसाठी याच्या तोडीचं काही नाही. दीड मिलिमीटर जाडीची, बारा-तेरा मिलिमीटर रुंद पट्टी, पुटीसारखी मऊ. ती कधीच पिकत नाही, म्हणजे पाच-दहा वर्षांनीही लवचिक राहते आणि क्लीटवर ताण आला की त्याच्याबरोबर ताणली जाते. कधीही उघडा, पुसा, नवी लावा. घेताना मरीन दर्जाची घ्या. घराच्या छपरासाठी मिळणारी स्वस्त टेप उन्हात पाझरते आणि डेकवर काळे ओघळ सोडते.

मात्र नुसती टेप लावून भागत नाही, कारण जुन्या डेकमध्ये दोन फायबर थरांच्या मध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असतं आणि प्रत्येक बोल्टचं छिद्र त्या लाकडापर्यंत जातं. सील सुटलं की आधी लाकूड भिजतं, नंतर कधीतरी केबिनमध्ये थेंब दिसतो. तोपर्यंत आत कूज पसरलेली असते. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून बघा: टणक ‘टक’ आवाज म्हणजे लाकूड शाबूत, बोदा ‘थप’ म्हणजे गेलेलं.

लाकूड शाबूत असेल तर काम असं करायचं. बोल्ट आठ मिलिमीटरचा असेल तर छिद्र बारा-तेरा मिलिमीटरचं करा, किंवा वरचा थर तसाच ठेवून ड्रिलमध्ये वाकवलेला खिळा लावून बोल्टभोवतीचं लाकूड सहा-आठ मिलिमीटर आतपर्यंत कोरून काढा. दोन दिवस वाळू द्या. खालून टेप लावून आधी पातळ इपॉक्सी ओता, म्हणजे ती लाकडाच्या तोंडात मुरेल. मग वेस्ट सिस्टिमची इपॉक्सी ४०४ किंवा ४०६ फिलर घालून शेंगदाण्याच्या कुटाच्या लगद्याइतकी घट्ट करा आणि छिद्र भरा. पिकल्यावर मधोमध आठ मिलिमीटरचं छिद्र पाडा. आता बोल्ट इपॉक्सीच्या नळीतून जातो, लाकडाला शिवतही नाही. पुढे कधी सील सुटलं तरी कूज होणार नाही. हे न करता केलेलं डेकचं कोणतंही सीलिंग आम्ही अर्धवटच मानतो.

मग छिद्राच्या वरच्या कडेला काउंटरसिंक बिटने दोन-तीन मिलिमीटरची उतरण द्या. बोल्टच्या मानेभोवती टेपची बारीक वळी गुंडाळा, फिटिंगच्या तळाला पट्टी लावा, बसवा. उतरणीत टेपची अंगठी तयार होते, खरं सील तीच. आवळताना एकाने वरून बोल्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने खालचा नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर ती अंगठी तुटते. थंड दिवसात टेप हळू दबते, म्हणून थोडं आवळा, अर्धा तास थांबा, पुन्हा थोडं, आणि दोन-तीन दिवसांनी शेवटचं.

पेट्रोल-डिझेल टेपला विरघळवतं. इंधन भरायच्या डेकवरच्या तोंडाला ती लावू नका. पाण्याच्या रेषेखालीही नको.

पॉलिसल्फाइड

बोटलाइफचं लाइफ-काॅक हे यातलं जुनं, विश्वासाचं नाव. हळू पिकतं, आठवडा-दहा दिवस गृहीत धरा. पण ओल्या पृष्ठभागावर धरतं आणि न पिकलेल्या अवस्थेत बोट पाण्यात सोडली तरी बिघडत नाही. लाकडी हलच्या फटी, सागवानी डेकच्या रेघा, इंधनाचं तोंड या कामांत पॉलियुरेथेनपेक्षा सरस. बहुतेक प्लॅस्टिकचं मात्र ते शत्रू, पॉलिकार्बोनेटच्या खिडकीला लावलं तर खिडकी ठिसूळ होईल.

खिडक्या, आणि सिलिकॉनची एकमेव जागा

एक मीटर लांबीची अॅक्रिलिक खिडकी तापमानात तीस अंशांचा फरक पडला की साधारण दोन मिलिमीटर लांब-आखूड होते. म्हणून खिडकीच्या गळतीचं मूळ सीलंटच्या पातळ थरात असतं, तो दोन मिलिमीटरची ओढ सोसूच शकत नाही. किमान तीन मिलिमीटर जाडीचा थर राहील अशी गॅप ठेवा, स्क्रूची छिद्रं मोठी करा. डाऊसिल ७९५ हे इमारतींच्या काचांसाठी बनवलेलं सिलिकॉन इथे उत्तम चालतं. सिकाफ्लेक्स २९५ यूव्हीही चालेल, पण सिकाचाच प्रायमर लावून. प्रायमर टाळला तर एक-दोन उन्हाळ्यांत कड सुटते. खिडकीशिवाय बोटीवर सिलिकॉन कुठेच नको. ते लावलेल्या जागी पुढे रंग, जेलकोट, दुसरं सीलंट, काहीच धरत नाही.

कॅप्टन टॉलीज क्रीपिंग क्रॅक क्युअर

छोटी बाटली, दुधासारखा पातळ द्रव. केशाकर्षणाने केसाएवढ्या फटीत स्वतःच शिरतो. खिडकीच्या कडेला, हॅचच्या चौकटीत, जेलकोटच्या बारीक तड्यांत थेंब सोडा, अर्ध्या तासाने पुन्हा, फट आणखी पिईनाशी होईपर्यंत, मग एक दिवस वाळू द्या. एक मिलिमीटरच्या आतल्या फटींना ठीक. फट आधी पूर्ण कोरडी हवी, ओल्या फटीत तो शिरणारच नाही. हंगाम काढून न्यायला उत्तम, कायमचा इलाज म्हणून नको. हलणाऱ्या सांध्याला निरुपयोगी.

अॅल्युमिनियमच्या बोटी

रिव्हेट ढिले झाले असतील तर आधी ते घट्ट करायचे: बाहेरून डोक्यावर जड लोखंड धरून आतून हातोडी. त्यानंतर आतल्या बाजूने मरीन-टेक्सचं ग्लुव्हिट, दोन भागांचं इपॉक्सी, पिकल्यावरही किंचित लवचिक. उलटी चाचणी करून खुणा केलेल्या रिव्हेटपुरतंच लावा आणि आधी तारेच्या ब्रशने ऑक्साइड काढा. ढिल्या रिव्हेटवर थेट लेप दिला तर लाटांच्या धक्क्याने तो काही महिन्यांत फुटतो.

जिथे कोणतीच ट्यूब नको

स्टर्नड्राइव्हच्या रबरी बेलोजला सीलंट लावलेलं दिसलं तर ती बोट पाण्यात उतरवू नका. मुडपा उघडून दरवर्षी तपासा, तडा दिसला की बेलोज बदला, सोबत गिम्बल बेअरिंगही (ड्राइव्हचा शाफ्ट फिरतो ते) हाताने फिरवून बघा. खरखर वाटली तर पाणी आधीच पोचलेलं आहे. शिफ्ट केबलचा छोटा बेलो लोक विसरतात, पण तो फुटला तरी बोट बुडते. बोट उभी असताना ड्राइव्ह खाली ठेवावा, म्हणजे मुडपा ताणलेल्या राहत नाहीत.

शाफ्टचा ग्लँड चालू असताना मिनिटाला दोन-तीन थेंब टाकतो, ते त्याचं थंड राहण्याचं पाणी आहे. दर सेकंदाला एक थेंब मात्र दिवसाला चार लिटरांहून जास्त होतो. नट आवळूनही थांबत नसेल तर पॅकिंग बदला: जुन्या सगळ्या कड्या हुकने काढा, नवी दोरी शाफ्टभोवती गुंडाळून तिरकी कापा, तीन-चार कड्या घाला, प्रत्येकीचा जोड आधीच्या जोडापासून १२० अंशांवर. नव्या कड्यांवर जुन्या ठेवू नका. वीस मिनिटं चालवल्यावर ग्लँडवर हात ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर नट जास्त आवळला आहे. जीएफओ जातीची (ग्रॅफाइट असलेली) पॅकिंग वापरली तर गळती जवळजवळ शून्यावर आणता येते.

पाण्याच्या रेषेखालच्या प्रत्येक होजला ३१६ स्टीलच्या दोन क्लिप. याला पर्याय नाही. पाण्याच्या रेषेखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचा होज निघाला तर मिनिटाला सुमारे साठ लिटर पाणी आत येतं, आणि बिल्ज पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा पाणी वर उचलण्याआधीचा असतो. दीड मीटर चढ आणि लांब होज जोडला की तो जवळजवळ निम्म्यावर येतो.

काम झाल्यावर बोट उतरवताना ट्रेलरचा पट्टा लगेच सोडू नका. प्रत्येक नव्या फिटिंगभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि पंधरा मिनिटांनी, तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. सकाळी बिल्ज कोरडा दिसला म्हणून खात्री मानू नका, पंप रात्री चालून गेला असेल. पंपाच्या तारेवर बसणारा आवर्तनं मोजणारा काउंटर त्यासाठीच घ्यावा. पहिल्या आठवड्यात त्याच्यावर शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला तर बोट पुन्हा बाहेर काढायची.